ठासणीच्या 0.32 रायफलीत चौथी-पाचवी गोळी अडकते तेव्हा

पहिल्या तीन गोळ्या सरळ जातात. चौथीला गज (नळीच्या तोंडातून गोळी खाली ठासायची काठी) जरा कुरकुरतो. पाचवीला दोन्ही हातांचा जोर लागतो, आणि सहावी नळीत अर्ध्या वाटेवर ठाण मांडून बसते, ना खाली जात ना वर येत. कागदावर पाहावं तर पहिल्या तीन भोकांवर रुपयाचं नाणं ठेवलं तर झाकली जातील. पुढची दोन मात्र दोन-दोन बोटं वर-खाली.

छोट्या तोंडाच्या, म्हणजे 0.32 आणि 0.36 कॅलिबरच्या ठासणीच्या रायफली वापरणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेली तक्रार हीच. मी स्वतः तिच्यापायी दोन हंगाम घालवले. दारू बदलली, गोळी बदलली, शेवटी रायफल विकायलाही निघालो होतो. दोष रायफलीत नव्हता. मी दोन बारांमध्ये नळी जशी पुसत होतो त्यात होता. तो सापडायला लागलेला वेळ दुसऱ्या कुणाचा वाया जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी ओहायोत राहतो. इथे 1 सप्टेंबरपासून खारीचा हंगाम सुरू होतो, रीतसर परवाना काढून शिकार करता येते, आणि वर्षभर रेंजवर कागदावर नेम धरता येतो. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत, ते दरवर्षी नव्याने वाचा. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तिकडच्या कुणीही यातलं काहीही खारीवर करून पाहू नये. कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर ज्या ठासणीच्या बंदुका आहेत त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, त्यात छर्रे भरतात. कणकवलीकडच्या आमच्या गावी आजोबांकडे तशी एक होती. गज, केप (घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी), बार, चाप, घोडा हे सगळे शब्द माझ्याकडे त्या बंदुकीबरोबर आले. पण आजोबा नारळाचा काथ्या ठासून बार भरायचे, आणि चिमूटभर राख राहिली काय किंवा नाही काय, त्यांच्या बंदुकीला फरक पडत नसे. आतून खाचा कोरलेल्या बारीक नळीला पडतो, आणि फार पडतो.

एवढी लहान गोळी कशाला

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर भागात जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात ज्या लांब नळीच्या रायफली घडवल्या, त्या सुरुवातीला मोठ्या तोंडाच्याच होत्या. हरीण आणि अस्वल मारायचं होतं. पुढे पूर्वेकडचं मोठं जनावर कमी झालं आणि लहान शिकारीसाठी लहान तोंडाच्या रायफली लोकप्रिय झाल्या. त्यामागे खर्चाचा हिशेबही होता. त्या काळी एका पौंड शिशात किती गोळ्या होतात यावरून बंदुकीचं तोंड सांगत. 0.50 च्या रायफलीला लागणाऱ्या गोळ्या एका पौंडात चाळीसच्या आसपास होतात. 0.32 च्या सुमारे 155. ज्याला शिसं आणि दारू दूरवरून पाठीवर वाहून आणायची आहे त्याच्यासाठी हा फरक संसाराचा होता.

आजही तेच. 0.310 इंच व्यासाची गोळी 45 ग्रेनची, म्हणजे तीन ग्रॅमपेक्षाही किंचित कमी. दारू 15 ते 20 ग्रेन, म्हणजे एक-सव्वा ग्रॅम. (तुमच्या रायफलीच्या माहितीपुस्तकात जी मर्यादा दिली आहे तिच्या आतच राहा. दारू नेहमी मापात घेऊन भरा, डब्यातून थेट नळीत कधीही ओतू नका. आणि बिनधुराची आधुनिक दारू या रायफलीत चिमूटभरसुद्धा नको. नळी फुटते.) धक्का नाही, आवाज कमी, अर्धा पौंड दारूत पावणेदोनशे बार. मला नेमबाजीत याच्याइतका आनंद दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

मूळ कारण

काळी दारू म्हणजे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. ती जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही, घनच राहतो. त्यातला काही पांढऱ्या धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला नळीच्या आत चिकटतो. तव्याला कीट चढतं तसंच हे कीट, म्हणून मी तोच शब्द वापरतो.

आता मापं बघा. मी पिंपरीला टूलरूममध्ये अकरा वर्षं लेथवर होतो, तेव्हा मला हे थाऊमध्येच सुचतं. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. नळी 320 थाऊ, गोळी 310. म्हणजे गोळीच्या प्रत्येक बाजूला फक्त पाच थाऊ जागा, आणि त्यात गोळीभोवती गुंडाळलेली 15 थाऊ जाडीची कापडाची चिंधी दाबून बसवायची. ती बसते, कारण कापड दबतं, शिसं थोडं दबतं आणि उरलेलं कापड रायफलिंगच्या खाचांत शिरतं. या हिशेबात दोन थाऊचं कीट चढलं की सगळं गणित कोलमडतं. मोठ्या रायफलीत तेवढंच कीट असतं, पण तिथे जाड गज असतो, त्यावर अंगाचं वजन टाकता येतं. 0.32 चा लाकडी गज पाव इंचाच्या आसपास असतो. त्यावर वजन टाकलं तर तो वाकतो, आणि वाकला की मोडतो. हिकरीचा गज तिरका मोडतो, त्याचं टोक भाल्यासारखं होतं, आणि तुमचा तळवा त्याच्याच बरोबर वर असतो.

म्हणून पहिला नियम: गज नळीच्या तोंडापासून चार बोटांवर धरायचा आणि तेवढ्याच टप्प्याने खाली ढकलत जायचं. वरच्या टोकाला धरून दाबायचं नाही. रेंजवर तर लाकडी गज काढूच नका. पितळी किंवा स्टीलचा वेगळा गज घ्या, आणि त्यावर नळीच्या तोंडाला घासू न देणारी चकती सरकवून ठेवा.

आधी चिंधी तपासा

गोळी अडकते म्हटलं की माणसं दारू कमी करतात. तिथून सुरुवात करू नका. पाच बार करा, मग रेंजवर सगळ्यांचा गोळीबार थांबला की पुढे चालत जा आणि नळीपासून आठ-दहा पावलांवर पडलेल्या चिंध्या गोळा करा. माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात अशा दीड-दोनशे चिंध्या आहेत, तारीख आणि हवा लिहिलेल्या. एक चिंधी वाचता आली की अर्धं निदान झालं.

चांगली चिंधी अशी दिसते: कडा फुलासारख्या पसरलेल्या आणि थोड्या उसवलेल्या, मध्ये गोळीच्या आकाराचा राखाडी ठसा, त्याभोवती काळं कडं, आणि त्या कड्यावर समान अंतराने रायफलिंगचे गडद पट्टे. कापड शाबूत. उचलून पुन्हा वापरावी वाटेल इतकी शाबूत. मध्यभागी जळून भोक पडलं असेल तर गरम वायू गोळीच्या बाजूने निसटतो आहे. म्हणजे कापड पातळ आहे किंवा वंगण अपुरं. कड्यावर पट्ट्यांच्याच जागी ब्लेडने कापल्यासारखे चिरे असतील, तर नळीचं तोंड किंवा रायफलिंगच्या कडा धारदार आहेत. नव्या नळीत हे हमखास होतं. आणि सगळी चिंधीच लक्तरं होऊन आली असेल तर कापडात दम नाही.

चिरे भरताना पडले की बार होताना, हे ओळखायला सोपी युक्ती आहे. रिकाम्या नळीत, दारू न भरता, चिंधीच्या जागी कापडाची लांब पट्टी घ्या, गोळी तोंडापासून फक्त बोटभर आत दाबा आणि पट्टीला धरून बाहेर ओढा. आता कापड आणि गोळी दोन्ही बघा. गोळीवर कापडाच्या विणीचा ठसा चहूबाजूंनी उमटलेला हवा, उंचवट्यांच्या जागी खोल आणि खाचांच्या जागी पुसट, पण दिसायला हवाच. खाचांच्या जागी शिसं गुळगुळीत चमकत असेल तर चिंधी खाचा भरत नाही, आणि तिथूनच वायू निसटतो. कापड इथेच कापलं गेलं असेल तर 400 नंबरचा पॉलिश पेपर अंगठ्याखाली धरून नळीच्या तोंडावर हलक्या हाताने गोल-गोल फिरवा. आधी तोंडात चिंधीचा बोळा घाला, म्हणजे चूर आत जाणार नाही. दहा मिनिटं पुरतात. नखाने तपासत जा, धार लागेनाशी झाली की थांबा.

कापडाबद्दल: गादीच्या खोळीचं पट्टेरी कापड, आपण ज्याला गादीपाट म्हणतो, ते उत्तम. शंभर टक्के सुती हवं. त्यात पॉलिस्टर असेल तर ते वितळतं आणि नळीला चिकटतं. दुकानात एक धागा ओढून जाळून बघा: सूत राख होतं, पॉलिस्टरचा मणी होतो. नवं कापड एकदा धुऊन घ्या, कारण त्यातली खळ जाडीत दोन-तीन थाऊ खोटं सांगते आणि वंगण आत शिरू देत नाही. मी मायक्रोमीटरने दाबून मोजतो, आणि 0.310 गोळीला 15 थाऊ ठेवतो. 18 थाऊच्या कापडाने माझा गट (कागदावरच्या भोकांचा पुंजका) आणखी लहान होतो, हे खरं आहे, पण ते रेंजवर. रानात तेवढं घट्ट बसवायला वेळ नसतो.

आता पुसण्याकडे, कारण चूक इथे आहे

गोळी अडकायला लागली की माणूस काय करतो? चिंधी चांगली ओली करतो, जॅगवर चढवतो (गजाच्या टोकाचा तो चिंधी धरणारा पितळी तुकडा) आणि नळीत खाली-वर, खाली-वर पाच-सहा वेळा घासतो. चिंधी काळीकुट्ट होऊन येते, बरं वाटतं. पुढची गोळी छान जाते. आणि मग केप फुटते, टक् असा आवाज येतो, बार होत नाही.

मला गेल्या हिवाळ्यात कोलंबसहून एका मराठी मुलाचा फोन आला. "काका, आधी गोळी अडकायची, तुम्ही पुसायला सांगितलंत, तर आता बारच उडत नाही." त्याला मी अर्धवट सांगितलं होतं, ती माझी चूक. एक दुखणं बरं करताना दुसरं कसं जडतं ते त्याला नीट सांगायला हवं होतं.

नळी 320 थाऊ. दुकानात मिळालेला माझा जॅग 305 थाऊ होता. त्यावर चिंधी चढली की तो नळीत पिस्टनसारखा घट्ट बसतो. खाली जाताना तो कीट पुसून वर आणत नाही, पुढे ढकलत नेतो. बारा-पंधरा इंचांतलं, पंचवीस-तीस इंचांतलं सगळं कीट गोळा होऊन बुडाशी जातं, अगदी दारू जिथे बसते तिथे. चिंधी ओलीचिंब असेल तर त्याचा चिखल होतो. आणि बुडाशी असतो केपेकडून ठिणगी येण्याचा बारीक मार्ग. चिखल त्यात शिरला की संपलं. त्यात अनेक कारखानी रायफलींमध्ये नळीचं बूड सरळ नसतं, शेवटी दारूची एक अरुंद कुपी असते. जॅग त्या कुपीत शिरतच नाही. तिथला चिखल तिथेच वाळतो.

उपाय लहान आहे, पण याने माझं सगळं बदललं. मी जॅग लेथवर लावला आणि 290 थाऊला आणला. लेथ नसेल तर हँड ड्रिलमध्ये धरून कानशीने होतं, पितळ मऊ असतं, फक्त मोजत-मोजत जा. आता चिंधी खाली जाताना जॅगवर सैल बसते आणि कीटावरून सरकत जाते. वर ओढायला लागलं की तीच चिंधी जॅगच्या खाचांत गोळा होते, फुगते, आणि सगळं कीट खरवडत बाहेर आणते. पहिल्यांदा असा जॅग वापरला तेव्हा चिंधी निघताना नळीच्या तोंडातून चुलीतल्या राखेसारखा कोरडा, करडा चूर खाली पडला. तोपर्यंत दोन हंगाम हा सगळा चूर मी बुडाशी ठासत होतो.

पुसायची रीत अशी ठेवा. इंच-सव्वा इंचाची एक चिंधी ओली करून बोटांत घट्ट पिळायची, गालाला लावली तर गार लागेल पण थेंब येणार नाही इतपत. एकदाच, सावकाश, बुडापर्यंत खाली. क्षणभर थांबायचं. मग एकसारखं वर ओढून बाहेर. खाली-वर घासायचं नाही. चिंधी उलटी करून पुन्हा एकदा, आणि मग एक कोरडी. बस. हे करताना घोडा फुटलेल्या केपेवरच टेकलेला राहू द्या. निपलचं (केप बसते त्या पोकळ खुंटीचं) भोक बंद राहतं, आत हवा अडते आणि ओल त्या मार्गात शिरत नाही. मग पुढचा बार भरायच्या आधी घोडा अर्ध्यावर घ्या आणि जुनी केप काढा, म्हणजे गोळी खाली जाताना हवेला वाट मिळते आणि दारूचे दाणे निपलच्या मुळापर्यंत पोचतात. नवी केप मात्र सगळ्यात शेवटी, नळीचं तोंड निशाणाकडे झाल्यावर. या क्रमात कधीही बदल नको.

किती बारांनी पुसायचं? हवेवर आहे. जानेवारीत इथली हवा इतकी कोरडी असते की कीट काचेसारखं कडक होतं, तेव्हा मी दर बाराला पुसतो. ऑगस्टच्या दमट सकाळी तेच कीट मऊ राहतं, आणि ओलसर वंगणाची चिंधीच दर वेळी आत जाताना नळी पुसून काढते. मग दहा बारही न पुसता जातात. स्वतःची थुंकी हे रेंजवरचं सगळ्यात जुनं वंगण आहे आणि आजही चांगलं आहे. पाण्यात मिसळणारं बॅलिस्टॉल तेल एक भाग आणि पाणी सहा-सात भाग, हेही मी वापरतो. साधं मोटारीचं किंवा मशीनचं खनिज तेल मात्र टाळा. काळ्या दारूच्या उष्णतेत त्याचा डांबरासारखा चिकटा होतो आणि साध्या पाण्याला जुमानत नाही.

गजावरच्या दोन खुणा

रिकाम्या नळीत गज बुडाला टेकवून तोंडाशी एक रेघ मारा. नेहमीचा बार भरून, गोळी दारूवर टेकली की दुसरी रेघ. या दोन रेघा सुरक्षेसाठी आहेत हे सगळे सांगतात: नळी भरलेली आहे की नाही, आणि गोळी दारूवर टेकली आहे की मध्ये अंतर राहिलं आहे, हे कळतं. पण त्या निदानासाठीही तितक्याच कामाच्या आहेत. पाचव्या बाराला दुसरी रेघ तोंडाच्या वर एखाद्या नाण्याच्या जाडीइतकी राहिली, तर बुडाशी कीट साठलं आहे आणि गोळी खोटी टेकली आहे. गटाचा उभा विस्तार इथून येतो. गोळी कधी घट्ट दारूवर, कधी कीटाच्या कड्यावर, म्हणून वेग दर वेळी वेगळा. माझा अनुभव असा की भोकं उभी पसरली तर दोष ठासणीत शोधावा, आडवी पसरली तर वाऱ्यात. 45 ग्रेनची गोळी इतकी हलकी आहे की 50 यार्डांवर साधी झुळूकही तिला बोटभर सरकवते.

अडकलीच तर

गोळी दारूपासून दूर, अर्ध्यात अडकली असेल तर बार करून ती उडवायचा विचारही करू नका. अडकलेली गोळी म्हणजे बूच. नळी तिथे फुगते किंवा फाटते. नळीचं तोंड स्वतःकडे कधीच नको, आणि केप लावली असेल तर ती आधी काढा. मग तोंडातून थोडं पाणी किंवा पातळ वंगण सोडा, दहा मिनिटं थांबा, कीट भिजू द्या, आणि स्टीलच्या गजाने लहान-लहान टप्प्यांत ढकलून बघा. ती खाली बसली तरी आता आतली दारू ओली आहे असं धरून चाला.

बाहेर काढायचे दोन मार्ग. निपलवर बसवायचं छोटं सीओटू गॅसचं साधन मिळतं, त्याने गोळी आणि दारू दोन्ही फुस्कन बाहेर येतात. नळी सुरक्षित दिशेला धरून हे करा, गोळी जोरात येते. तेवढं नसेल तर निपल काढून तिथून पाणी सोडून दारू पूर्ण मारा, आणि मग गजाला गोळीत शिरणारा स्क्रू लावून ओढा. दारू न भरता नुसती गोळीच ठासली गेली असेल, आणि हे प्रत्येकाकडून कधीतरी होतं, तर निपल काढून त्या भोकातून बारीक दारूचे थोडे दाणे सोडा, निपल लावा, गजाने गोळी पुन्हा बुडाशी पक्की बसवा, आणि मातीच्या बांधाकडे तोंड करून उडवा.

केप फुटून बार झाला नाही, तर पूर्ण एक मिनिट रायफल निशाणाकडेच धरून ठेवा. आत ठिणगी धुमसत असू शकते. मग बारीक तारेने निपल टोचा आणि नवी केप लावा. गारेच्या रायफलीत (जिथे केपेऐवजी गारगोटीची ठिणगी पडते) कान, म्हणजे ठिणगी आत जायचं नळीच्या बाजूचं भोक, तुंबतो, तिथेही तीच तार, आणि रंजक (बाहेरच्या पाळीतली पेटवायची दारू) कोरडी आहे ना तेवढं बघायचं.

रानात मात्र वेगळं

रेंजवर पाच मिनिटांत दुसरा बार होतो. हिकरीच्या झाडाखाली बसलात की भरलेली रायफल दोन-दोन तास मांडीवर असते. पाण्याचं वंगण तेवढ्यात दारूत उतरतं. म्हणून शिकारीला चिंधी घट्ट वंगणाची हवी: मेण आणि चरबी यांचं मिश्रण, बोटाने कापडात चोळलेलं. कडाक्याच्या थंडीत त्यात मेण कमी करा, नाहीतर ते घट्ट होऊन गोळी पुन्हा जड जायला लागते.

दुसरी गोष्ट, पहिला बार. ठेवणीतल्या नळीत तेलाचा हात असतो. तसाच बार भरला तर केप फुटते आणि खार शेपटी हलवून पलीकडे जाते. निघण्याआधी रबिंग अल्कोहोलच्या दोन चिंध्या, एक कोरडी, मग रिकाम्या नळीवर दोन केपा उडवा. नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरून दुसरी उडवली आणि पातं हललं, तर वाट मोकळी आहे. आणि स्वच्छ, गार नळीची पहिली गोळी कुठे लागते ते वेगळं शोधून ठेवा. मी सलग पाच दिवस रोज एकच गोळी एकाच कागदावर 25 यार्डांवरून मारली. माझी रायफल पहिली गोळी एक बोट वर मारते. खारीचं डोकं केवढं असतं ते आठवा, म्हणजे एका बोटाची किंमत कळेल. तेवढी खात्री नसेल तर चाप ओढू नये. जखमी जनावर झाडाच्या ढोलीत जाऊन मरतं.

पक्षीचित्रकार ऑड्युबनने केंटकीतल्या शिकाऱ्यांबद्दल लिहून ठेवलं आहे की ते खारीला न मारता तिच्या पोटाखालची साल उडवत, आणि त्या धक्क्यानेच ती पडे. ते वाचून कुणी तसा नेम धरायला जाईल म्हणून सांगतो: मी करत नाही. डोक्यामागे जाड खोड असेल तेव्हाच नेम धरतो, उघड्या आभाळाकडे कधीच नाही. ही गोळी लहान असली तरी चुकली तर लांब जाते.

घरी आल्यावर

कीटात क्षार असतात, ते हवेतली ओल ओढतात आणि एका रात्रीत गंज धरतो. म्हणून त्याच संध्याकाळी, दमलेलो असलो तरी. निपल काढायचं, कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. उकळतं पाणी नको, तापलेल्या लोखंडावर क्षणात तांबूस थर येतो. चिंध्या पांढऱ्या यायला लागेपर्यंत. मग ती अरुंद कुपी: तिथे 0.22 च्या नळीचा ब्रश लागतो, आणि त्यावर चिंधी गुंडाळून दोन वेळा. ज्या रायफलींनी त्रास दिला त्यातल्या निम्म्यांची कुपी मी पाहिली तेव्हा ती कधीच साफ झालेली नव्हती. सगळं कोरडं करून हलका तेलाचा हात, निपलच्या आट्यांना थोडं ग्रीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक कोरडी पांढरी चिंधी बुडापर्यंत नेऊन आणा. पांढरी आली तर रायफल कोपऱ्यात उभी करा, तोंड खाली करून, म्हणजे तेल बुडाशी उतरणार नाही. तांबूस आली तर कुठेतरी पाणी राहिलं आहे, बहुतेक त्या कुपीतच. निपल पुन्हा काढा आणि ब्रश घ्या.